शब्द न् शब्द पाळणारा वाचक

कोपरच्या रतन गमऱ्यांची आयुष्यभर एकच तक्रार होती: आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही. वीस वर्षं त्यांनी कोलशेतच्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिली. पंपासोबत पुस्तक जायचं आणि मिस्त्री त्याच्या पानांना हात पुसायचा. "पान चार बघा" असं फोनवर सांगून घसा बसला तरी मिस्त्री आपलंच डोकं चालवायचा, आणि वर पंप सुरूही व्हायचा. रतनरावांना याचा भारी राग यायचा.

कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी त्यांना ठाण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं. काम तेच, लिहिण्याचं. वाचणारा मात्र माणूस नव्हता. लोकांशी फोनवर बोलणारे एआय एजंट प्रत्येकाबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवतात. त्या गोष्टी लिहायचं, बदलायचं, पुसायचं टूल ही कंपनी बनवायची आणि ते कसं वापरायचं ते रतनराव लिहायचे. एजंट दर वेळी ते पान वाचून मगच पुढे जायचा. "अक्षर न् अक्षर वाचतो गं!" त्यांनी बायकोला, वैशालीला, सांगितलं. माणूस अगदी हरखून गेला होता.

त्या पानावर जुनी नोंद कधी राखायची, कधी आधी विचारून घ्यायचं, असं त्यांनी अर्धं पान भरून लिहिलं होतं. त्यांची साहेब, मृणाल, लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "सर, थोडं शॉर्ट करा ना." रतनरावांनी केलं. 'एका गोष्टीची एकच नोंद ठेवा. नवी माहिती मिळाली की जुनी पुसा.' मृणालने ते सगळ्यांना वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. घरी येताना त्यांनी पेढे आणले.

खोपटला त्यांची आत्या राहायची, शांताबाई. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलं. आता चौऱ्याहत्तरीची, एकटी आणि हट्टी. मुलगा ऋतुराज मस्कतला. म्हणून रतनरावांनी तिला विचारपूस करणारी एक सेवा लावून दिली. रोज सकाळी दहाला एजंट आत्याला फोन करणार, तिने उचलला नाही तर रतनला कळवणार. त्या सेवेत टूल त्यांच्याच कंपनीचं, याचीही त्यांना ऐट होती.

मार्चमध्ये ऋतुराज पंधरा दिवसांसाठी आला. आत्या एजंटला कौतुकाने म्हणाली, "माझा लेक आलाय. काय झालं तर त्याला फोन कर," आणि त्याचा नंबर दिला. बस, एवढंच. ऋतुराज परत गेला, त्याचं इथलं सिम बंद झालं, आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला आत्या मोरीत घसरून पडली. दहाला फोन वाजत राहिला. मग एजंटने ऋतुराजचा नंबर तीनदा लावला. पाच वाजता शेजारची समीक्षा कामावरून आली तेव्हा तिला दाराआडून कण्हणं ऐकू आलं. साडेसात तास म्हातारी ओल्या फरशीवर पडून होती. रतनराव तिथून चालत पंधरा मिनिटांवर, ऑफिसात, फोन समोर ठेवून बसले होते. फोन आला नाही म्हणजे आत्या बरी, असं ते धरून चालले होते.

सेवेकडे तक्रार केली तेव्हा नोंद आली. 'संपर्क: रतन गमरे, पुसले. ऋतुराज, लिहिले.' कारणापुढे त्यांचंच वाक्य, पूर्णविरामासकट. हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. त्यांनी मृणालला फोन लावला.

"मॅडम, ते वाक्य आजच्या आज बदला."

"सर, ते आता चाळीस कंपन्यांकडे गेलंय. रिक्वेस्ट टाका, पुढच्या महिन्यात बघू."

वाक्य त्यांचं, पण त्याला हात लावायची सोय नव्हती. आत्ता या घटकेला कुणाकुणाचे नंबर पुसले जात असतील, या विचाराने त्यांना रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी दहाला वॉर्डात आत्याचा फोन वाजला. तिचा चेहरा उजळला. "तोच आहे. विसरत नाही बिचारा." तिने फोन स्पीकरवर टाकला. "ऐक रे बाबा, ऋतू गेला. आता रतनचा नंबर घाल." तिने तो तोंडपाठ सांगितला.

"ऋतुराज यांचा नंबर काढून रतन यांचा ठेवला आहे."

"आत्या, समीक्षाचाही दे," रतनराव घाईने म्हणाले. आत्याने फोनमध्ये शोधून, एकेक आकडा सावकाश वाचून तोही दिला.

"रतन यांचा नंबर काढून समीक्षा यांचा ठेवला आहे. काळजी घ्या, शांताबाई."

आत्या समाधानाने उशीवर टेकली. "बघ कसं ऐकतं. एकदा सांगितलं की झालं. तुला लहानपणी दहादा सांगायला लागायचं."

रतनरावांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली. या हृदयाला मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झेपणार नाही, त्या आता उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. ते आत्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायचं रतनरावांनीच होतं.