कोमट बाटली

फ्रीजमधली गार बाटली हाताला लागली की पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी अमरावतीची मुलगी आठवते. शहरात रोज नवी सॉफ्टवेअर कंपनी उघडत होती, ती वर्षं. माणसाच्या पेशीत बारीक नळ्यांचं जाळं असतं. एक प्रोटीन त्या नळ्यांना चिकटतं का, हा तिचा विषय. सरांनी तो मला न देता तिला दिला होता. त्या नळ्या थंडीने विरघळतात, आणि ती मात्र पेशी धुवायचं द्रावण थेट फ्रीजमधून काढून ओतायची. मी शेजारीच माझी बाटली कोमट करून घ्यायचे. प्रोटीन दिसावं म्हणून त्याला हिरवा रंग लावायचा, पण आठ महिने तिला सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं हिरवं धुकं दिसलं. "ताई, माझं काय चुकून राह्यलं?" तिने एकदा विचारलं. "हात बसावा लागतो गं," मी म्हणाले. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, आपण कॉम्प्युटरचा क्लास लावा. तिथे धुणीभांडी नसतात." सगळे हसले, मीही हसले. पुढच्या सोमवारी ती आली नाही. तिने वाढवत ठेवलेल्या शेवटच्या पेशी मी कोमट द्रावणाने धुतल्या, तर प्रत्येक नळीवर तिचं प्रोटीन मण्यांसारखं ओवलेलं होतं. त्या चित्रावर मला पीएचडी मिळाली. आता नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, बाटली आधी कोमट करून घ्या. मॅडम फार मायाळू आहेत, असं ती मुलं म्हणतात.