चौथा पडदा

वरवट बकालच्या स्टँडजवळ बोंडअळीच्या भरपाईचे ऑनलाइन अर्ज भरून देणारा तो माणूस कॉम्प्युटर बंद पडला की आधी त्याच्यावर हात ठेवायचा, ताप पाहावा तसा. एकाच कॉम्प्युटरमध्ये त्याने चार आभासी कॉम्प्युटर उभे केले होते, चार पडद्यांवर चार अर्ज एकदम भरता यावेत म्हणून. पण चारही कामाला लागले की सगळंच कोसळायचं, कारण प्रत्येकाला त्याने मूळ कॉम्प्युटरचे सगळेच्या सगळे प्रोसेसर देऊन ठेवले होते.

"इतके काऊन दिले?" मी एकदा विचारलं.

"कोनाले कमी पडाले नको," तो मान वर न करता म्हणाला.

शेवटच्या दिवशी रांग रस्त्यावर गेली. त्याने प्रोसेसर कमी करून पाहिले. तरी तीनच टिकत होते. शेवटी त्याने चौथा बंद केला. त्यावरच्या अर्धवट अर्जावर त्याच्या वडलांचं नाव होतं. त्यांची पऱ्हाटीही, म्हणजे उभी कपाशी, अळीनं खाल्ली होती.

"तुमचा राहून जाईन ना," मी म्हणालो.

"तीन चालून राह्यले ना भाऊ," म्हणत त्याने पुढच्या म्हातारीला बोलावलं.

मुदत संपली, दुकान रिकामं झालं, तेव्हा त्याने चौथा लावला. तो मुकाट चालू झाला. त्याने कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.