सूर्य ऐकणाऱ्या बोरसे मॅडम

बोरसे मॅडम बाजारातून चालायच्या त्या कानाला ट्रान्झिस्टर लावून, आणि त्यावर कुठलंच स्टेशन लावलेलं नसायचं. नुसती खरखर. जळगावच्या दाल मिलच्या गल्लीत लोक त्यांना स्कोर विचारत. "सूर्य खेळतोय," त्या म्हणायच्या, "पण तुमची मोटर मध्येच बोलतेय. मला काही ऐकू येत नाही."

शालिनी बोरसे आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायच्या आणि मी त्यांचा विभागप्रमुख होतो. मूळच्या शिंदखेड्याच्या. वर्गात पुस्तकी मराठी, चिडल्या की अहिराणी. महाविद्यालयाच्या गच्चीवर त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना उभ्या केल्या होत्या. सूर्याकडून प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही येतात. त्या मोजायच्या आणि सूर्यावर काय चाललंय ते ओळखायचं, हा त्यांचा विषय. संगणकाच्या पडद्यावर सूर्याची शांत रेघ दिसायला हवी होती. दिसायचं ते काटेरी कुंपण.

मला गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे होते. संस्थाचालक त्यावर खूश होणार होते. मी मॅडमना सांगून टाकलं की, येत्या सूर्यग्रहणात स्वच्छ नोंद दाखवा, नाहीतर गच्ची रिकामी करा. चंद्र सूर्याला झाकत जाईल तशी रेघ खाली उतरली, तरच यंत्र खरोखर सूर्य ऐकतंय हे सिद्ध होणार होतं. खरं सांगतो, ती उतरावी असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या कुणी वीज कंपनीकडे तक्रार केली असती. मॅडम खरखरीचा माग काढत बन्सीशेठच्या दाल मिलमध्ये शिरल्या. शेठना वाटलं, कुणी इन्स्पेक्टर आली. त्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला. मॅडमनी ट्रान्झिस्टर मोटरच्या स्टार्टरजवळ धरला, तसा तो कर्कश ओरडू लागला.

"शेठ, आत जोड सैल झालाय, ठिणग्या उडताहेत. माझा सूर्य बिघडतोय आणि तुमची मोटर जळणार आहे."

"जळणार काय बाईसाहेब, जळतेच," शेठ हळूच म्हणाले. "दर हंगामात नवं वायंडिंग भरून आणतो."

जोड बदलला. त्या हंगामात मोटर जळली नाही, आणि मग सगळी गल्लीच 'अक्का, अक्का' करत मॅडमच्या मागे लागली. तेलघाणे, पिठाच्या चक्क्या, वेल्डिंगची दुकानं, पार धुळ्याचे यंत्रमागवाले. मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन जायच्या, दोष दाखवायच्या, दुरुस्ती शिकवायच्या. "आजारी मोटर आधी आकाशाला कळते, मग मालकाला," असं त्या म्हणत. पडद्यावरचे काटे झडू लागले. मी मात्र खोलीत बसून पॅनेलची कोटेशनं मागवत होतो.

ग्रहण आलं ते ऐन तुरीच्या हंगामात. बन्सीशेठ ग्रहण पाळणारे, त्यांची मिल बंद असणारच होती. अडचण न पाळणाऱ्यांची होती. मॅडमनी कुणाला विनंती केली नाही. बन्सीशेठच दारोदार फिरले आणि प्रत्येकाला एकच सांगत गेले, "देवासाठी नको, अक्कासाठी पाळा."

त्या दिवशी मी गच्चीवर हाताची घडी घालून उभा होतो. चक्कीवाले रमेशआबा धापा टाकत जिना चढून आले. "अक्का, बठ्ठं बंद शे. आते आयका."

खरंच सगळं बंद होतं, पडद्यावर एकही काटा नव्हता. सपाट रेघ थोडी वाकली. चंद्र सरकेल तशी ती उतरत गेली, तळाशी रेंगाळली, आणि सूर्य सुटू लागला तशी डौलात वर चढली. मुलं नाचू लागली. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "आबा, आता चालू करायला सांगा. लोकांची तूर खोळंबलीय."

गच्ची त्यांच्याकडे राहिली. दूरच्या वेधशाळा त्यांच्या नोंदी मागवू लागल्या. त्यांच्या मोटर-दुरुस्तीच्या कामातूनच महाविद्यालयाने लघुउद्योग सल्ला केंद्र काढलं. त्याच्या अहवालात संस्थापक म्हणून मी माझं नाव घातलं आणि मॅडमना सहकाऱ्यांच्या ओळीत बसवलं. केंद्राला मिळालेला पुरस्कारही मीच घेतला. त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला म्हातारपणी फार जड झालं.

यंदा केंद्राच्या वर्धापनदिनी माझा सत्कार ठरला. निवृत्त झालेल्या मॅडम पहिल्या रांगेत होत्या. मी शाल हातातच ठेवली आणि माईकवर सगळं सांगितलं: केंद्र त्यांचं, मी तर गच्ची काढून घ्यायला निघालेला माणूस.

मागच्या रांगांत बसलेल्या मिलवाल्यांत चक्क हसू उसळलं. बन्सीशेठ काठी टेकत उठले. "सर, तुमचं नाव तिथे आहे हे आम्हाला आज कळलं. बाजारात सल्ला केंद्र विचाराल तर कुणी रस्ता सांगणार नाही. अक्कांचा दवाखाना म्हणा, शेंबडं पोरही नेऊन सोडेल."

मी खाली उतरून शाल मॅडमच्या खांद्यावर घातली. त्या हळूच म्हणाल्या, "मला नावाचं काही नव्हतं, सर. पण नोंद चुकीची होती, ती खटकायची."

सगळे मिलवाले उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्यांतली एकही माझ्यासाठी नव्हती, आणि कुठल्याही सत्कारात मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.