एनिडच्या सपाता

इंग्लंडमधल्या क्लीथॉर्प्सच्या रंगमंचावर हॉरस ब्लँचर्डने उभं आयुष्य म्हाताऱ्या बायकांची सोंगं वठवली. टाळ्या विरायच्या आत मंच रिकामा करणं हा त्याच्या हातचा मळ. त्यामुळे त्या सकाळी राहत्या घरातून थोरल्या बहिणीचं, एनिडचं, नामोनिशाण पुसायला त्याला फारसा वेळ लागला नाही.

घर कागदोपत्री त्याच्या एकट्याचं. घेताना मात्र निम्मे पैसे एनिडने घातले होते, मासळीच्या कारखान्यात गारठल्या बोटांनी कमावलेले. आता हॉरसला ते बँकेकडे गहाण टाकायचं होतं. समुद्रकाठचं बंद पडलेलं नाट्यगृह पुन्हा उघडायचं, ही त्याची शेवटची हौस. पण कायदा आडवा येत होता. घरात पैसे घालून तिथेच राहणाऱ्या माणसाचा हक्क, कागदावर नाव नसलं तरी, बँकेच्या हक्काच्याही पुढे उभा राहतो. म्हणून कर्ज देण्याआधी बँक विचारते, घरात आणखी कोण राहतं? जो असेल त्याच्याकडून 'माझा हक्क तुमच्या हक्कामागे' अशा कागदावर सही घेते. एनिड सही करायची नाही, हे हॉरसला ठाऊक होतं. त्याने बँकेला सांगून टाकलं, कोणी नाही.

"आज लाउथच्या बाजाराला जाऊन ये की," तो तिला म्हणाला. "हवा बरी आहे."

"तुला कधीपासून माझ्या हवेची काळजी?" म्हणत ती बसला गेली.

तिचा दातांचा ब्रश, विणकाम, गाऊन, सपाता, सगळं त्याने आपल्या वेषांच्या पेटीत कोंबलं. घर पाहायला आलेला बँकेचा माणूस खोल्या फिरून म्हणाला, "एकटेच राहता? टापटीप ठेवलंय."

"सवय झालीय," हॉरस म्हणाला. एवढ्याशा वाक्याला त्याची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती.

माणूस गेल्यावर त्याने पेटी उघडली. हाती सपाता आल्या. उजवीला अंगठ्यापाशी भोक होतं. एनिडने स्वतःच कापलेलं, दुखऱ्या बोटाला जागा म्हणून. त्या हातात घेऊन तो बसला तो बसलाच. एनिड परतली तरी उठला नाही.

"ब्रश कुठाय माझा?" ती न्हाणीघरातून म्हणाली. मग दारात आली, पेटी पाहिली. "हॉरस, मी मेले का रे?"

त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे मला बाजाराला धाडून पडदा पाडलास."

"तू सही केली नसतीस."

"विचारलं होतंस?"

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच त्याने बँकेला फोन केला. "माझी बहीण राहते इथे. निम्मे पैसे तिचे आहेत." बँकेने बजावलं, सहीआधी बाईंनी स्वतःचा वकील गाठावा, एकटीने. भावाने आत जायचं नाही. एनिड वकिलाकडे आत गेली, हॉरस तिची पिशवी धरून बाहेर कठड्यावर बसला.

"हप्ते थकले तर बँक घर विकणार, मी सही केली असेल तर मलाही उठावं लागणार," बाहेर येत एनिड म्हणाली. "नाही करत मी सही."

"बरं केलंस."

"ते मला कळतं. चल, चहा पाज."

नाट्यगृह बंदच राहिलं. एनिडने तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त बाजाराला निघताना ती सपाता पिशवीत घालून न्यायला लागली. हॉरस दार धरून उभा राहायचा. कशाला नेतेस, असं त्याने कधी विचारलं नाही.