जेवणाआधीची गोळी, अन् जेवणच नाही

मधुमेह मला आहे आणि त्यातलं ज्ञान माझ्या साडूला आहे.

हा साडू पांढरकवड्याला फरशा विकतो. स्वतःचं पोट थोडं आत गेलं, तेव्हापासून त्याला वैद्यकही येतं! त्याने फोनवर फर्मान काढलं, "भात बंद, पोळी बंद, भाकर बंद. भूक लागली तं काकडी खा." मी तात्काळ ऐकलं. (जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं ना मी!)

"अजी, गोळ्या तशाच चालू ठेवून राह्यले तुमी," बायको म्हणाली. "डॉक्टरले एकदा विचारा तं."

"कायले विचारू? गोळीनं उतरते, पथ्यानं उतरते. दोन्ही केलं का शुगर डबल उतरते!"

उतरली.

राळेगावजवळ सासुरवाडीच्या शेतात नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. अर्धा गाव जेवायला. मी सकाळी जेवणाआधीची गोळी नेमाने घेतली होती. जेवण तेवढं घेतलं नव्हतं. पंगतीत काकडी घेऊन बसलो.

"भाऊजी, एक तरी रोडगा घ्या," मेहुणा गजू तूप घेऊन उभा.

"विष आहे ते, विष!" मी ओरडलो. "समदे मरसान तुमी!"

नवसाच्या जेवणाला विष! पण मी सुटलो होतो. तुपावर घसरलो, वांग्यावर घसरलो, शेवटी सासऱ्यांना म्हणालो, "तुमची पोरगी वापस घेऊन जा!" अंगाला दरदरून घाम, हात लटपटत होते, डोळ्यांपुढे एका गजूचे दोन गजू. (एकच पुष्कळ आहे!) आणि इतकं होऊनही कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

"जाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या, "जवाई पह्यलेपासून असेच हायेत."

"खाली बसा," बायको म्हणाली. मी मुकाट्याने बसलो.

तिने किंकाळीच फोडली. "गजू, धाव रे! हे माहं आयकून राह्यले! याहीले काहीतरी झालं!"

गुळाचं पाणी घोट घोट पाजलं, तेव्हा कुठे गजू पुन्हा एक झाला. मग मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझी बिनपाण्याने केली.

"मास्तर, ही गोळी साखर खाली आणते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत नाही. जेवण बदलायचं तर आधी मला विचारायचं. गोळी किती घ्यायची ते मी ठरवीन, तुमचे साडू नाही! आज जीव गेला असता."

मी घाबरलो. खरंच घाबरलो, हसू नका. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, हे चिडले, काहीच्या बाही बोलायला लागले, की आधी बोट टोचून साखर बघायची."

झालं! आता मी राजकारणावर तोंड उघडलं की टोच. भाजीला नाव ठेवलं की टोच. साडूचा उद्धार केला, तरी टोच! बोटांची चाळणी झाली आहे, पण ते मेलं मशीन कधी माझ्या बाजूने बोलत नाही. बायको आकडा बघते, मशीन डब्यात ठेवते आणि म्हणते, "साखर बरोबर हाय. म्हंजे हे तुमचं सोताचंच बोलनं हाय."