फडक्यात राहिलेले जीव

आज नळाचे फडके धुताना शेवाळाचा ओला वास आला आणि मी मनाने मैंदर्गीजवळच्या त्या तळ्याकाठी पोहोचले. चाळिशीत मी प्राणिशास्त्र शिकायला घेतले होते. तळ्यातल्या पाणपिसवा – उड्या घेत पोहणारे इवले जीव – वर्षभर, दर महिन्याला मोजायच्या होत्या. वैशाखात तळ्याचे डबके झाले होते. या महिन्याचा नमुना हुकला, तर सारे वर्ष अपुरे राहणार होते.

भिंगातून पाहिले, तर बाटलीत काहीच नव्हते.

“बाई, पानी गाळून भरलं व्हय?” मासे धरणारे यल्लप्पामामा हसले. “प्यायचं हाय का ते? जीव फडक्यात ऱ्हायले की!”

घरच्या सवयीने मी खरोखरच पाणी गाळले होते. शरमेने माझी मान वर होईना. मामांनीच फडके बशीतल्या पाण्यात उलटे खळबळले. भिंगाखाली शेकडो पारदर्शक जीव उड्या घेऊ लागले. प्रत्येकात हृदय धडधडत होते. काहींच्या पाठीवर खोगिरासारखी काळसर पिशवी होती. तिच्यातली अंडी तळे आटल्यावरही कोरड्या चिखलात पावसाची वाट पाहत जिवंत राहतात, हे मी केवळ वाचले होते.

अर्धे पाणी मी बाटलीत भरले, उरलेले तळ्यात परत ओतले. तेव्हा नमुना मिळाल्याचेच समाधान होते. आज वाटते, पुढच्या पावसाळ्याचे अख्खे तळे क्षणभर माझ्या हातांत होते.