तडकलेली द्राक्षं

माझे वडील मंडईत फळं विकत. गाळा लहान होता, पण द्राक्षांचा हंगाम आला की अब्बा मोठे व्यापारी होऊन जात. नारायणगावकडच्या एका शेतकऱ्याची अख्खी बाग ते दरवर्षी ठरवून टाकायचे. वेलीवर मणी मिरीएवढे असताना जाऊन बघायचे आणि तिथेच शब्द देऊन यायचे. तो शेतकरी माळकरी होता. अब्बा त्याला ‘माऊली’ म्हणत आणि तो अब्बांना ‘भाई’. तो बिबवेवाडीच्या आमच्या घरी आला की फक्त चहा घ्यायचा, आणि अम्मी त्याच्यासाठी एक पातेलं बाजूला ठेवायची, ज्यात कधी मटण शिजलं नव्हतं. हे पातेलं वेगळं आहे असं तिने त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले होते. मुसलमान घरातली मुलगी इतकं स्वच्छ मराठी बोलते याचं शिक्षकांच्या खोलीत कौतुक होई. खरं तर त्या कौतुकाचा मला राग यायला हवा होता. पण मी ते जपत होते.

त्या वर्षी बाग तोडणीला आली आणि अवकाळी पाऊस झाला. पिकलेलं द्राक्ष पावसाचं पाणी पितं आणि त्याची साल फाटते. असं तडकलेलं द्राक्ष मंडईतलं गिऱ्हाईक हातातसुद्धा घेत नाही, कारण दोन दिवसांत त्याला वास येऊ लागतो. बऱ्याच व्यापाऱ्यांनी त्या आठवड्यात बागा सोडून दिल्या. अब्बांनी सोडली नाही. शब्द दिला होता. चांगले घड त्यांनी मंडईसाठी वेगळे काढले, पण तडकलेला माल त्याच्या कितीतरी पट होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की शहराबाहेर एक वाइनचा कारखाना आहे, तो असला माल घेतो.

अब्बा घरी आले आणि चपला काढून सतरंजीवर टेकले. मग मला म्हणाले, साहेबलोकांशी नीट बोलायचं आहे, फोन तू कर. खालच्या बूथवरून मी फोन केला. माल कुठला, किती, केव्हा पोचेल, सगळं शुद्ध, अदबशीर मराठीत सांगितलं. पलीकडचा माणूस दुसऱ्याच वाक्याला मला ‘मॅडम’ म्हणाला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रविवार होता म्हणून अब्बांबरोबर टेम्पोत मीही गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि ओळीने उभ्या केलेल्या स्टीलच्या टाक्या. तिथल्या व्यवस्थापकाने एक मणी एका नळीच्या काचेवर चिरडला, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाला, पावसाने साखर उतरलीय, पण चालेल. आमच्या क्रेट यंत्रात रिकाम्या होऊ लागल्या. एका बाजूने देठ बाहेर पडत होते, दुसऱ्या बाजूने गढूळ हिरवट रस पाइपातून टाकीत चालला होता. कोपऱ्यातली एक टाकी आदल्या दिवशी भरलेली होती. तिच्या तोंडाशी फेस आला होता आणि आतून बारीक फसफस ऐकू येत होती. वास गोड होता. मला तो वाईट वाटला नाही, उलट ओल्या पिठासारखा घरचा वाटला, आणि तो आवडतोय हे लक्षात आल्यावर मी पदर नाकाला लावला.

अब्बांनी व्यवस्थापकाला विचारलं, “आत्ता हा नुसता रसच आहे ना?”

“आत्ता रसच आहे,” तो म्हणाला.

“मग त्याची दारू कधीपासून होते?”

त्या माणसाने टिंगल केली नाही. एक घड उचलून सालीवरची पांढुरकी झाक त्याने दाखवली आणि सांगितलं की आंबवणारी गोष्ट बागेपासूनच फळाला चिकटलेली असते. साल फुटली की काम सुरू झालं. अमुक घटकेपर्यंत रस आणि तिथून पुढे वाइन, अशी रेघ काही मारता येत नाही. अब्बांनी मान हलवली.  ते त्या रेघेच्या अलीकडे राहायचं ठरवून आले होते, हे मला घरी पोचेपर्यंत समजलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रमजान सुरू झाला. रमजान द्राक्षांच्या दिवसांत आला की अब्बा मशिदीत इफ्तारसाठी क्रेट पाठवत. त्याही वर्षी त्यांनी चांगले, न तडकलेले घड निवडून पाठवले. पण टेम्पोवाल्याने मंडईत सगळं सांगून टाकलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कमिटीतले दोघे जण क्रेट घेऊन आमच्या दारात आले. त्यातले वयस्कर गृहस्थ अब्बांचे जुने दोस्त. ते बसले नाहीत.

“भाई, माझ्या मनात काही नाही,” ते म्हणाले. “पण लोक विचारतात.”

अब्बा म्हणाले, “बरोबर आहे.” एवढंच. दुसऱ्या माणसाला हात न लावू देता त्यांनी क्रेट स्वतः आत घेतल्या.

मला वाटलं होतं अब्बा सांगतील, तो माल वेगळा होता, हा वेगळा. शब्द दिला होता, शेतकऱ्याला तोंडघशी पाडायचं नव्हतं. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. अम्मी म्हणाली, बिल्डिंगमध्ये वाटून टाकू. अब्बा नको म्हणाले. कुणी घेतली नाहीत तर, हे त्यांनी उघड म्हटलं नाही.

क्रेट गॅलरीत पडून राहिल्या. उन्हाळा लागत होता. दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आले तर जिन्यातच मला वास आला, तोच, कारखान्यातला. मी दार उघडून आत गेले तेव्हा अब्बा गॅलरीत गुडघ्यावर बसून फरशी घासत होते. रोजा होता, भर उन्हाची वेळ होती, क्रेट त्यांनी आधीच खाली कचऱ्यात नेऊन टाकल्या होत्या. बादलीमागून बादली ओतून ते घासत होते, आणि फरशी केव्हाच स्वच्छ झाली होती. मी बादली घ्यायला गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता ती घट्ट धरून ठेवली. मी चप्पलसुद्धा न काढता आतल्या खोलीत जाऊन बसले.

त्यानंतर अब्बा नमाजला उशिरा निघू लागले. पूर्वी अजान व्हायच्या आधीच ते घराबाहेर पडत, पुढच्या रांगेत जागा मिळावी म्हणून. आता अजान संपली तरी ते बटणं लावत बसायचे. शेवटी पोचायचं, मागे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या आधी निघायचं. अम्मीने मला हे डोळ्यांनीच दाखवलं. 

मंडईतून फिरत फिरत शाळेतही कळलंच. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे उघडलेले, मी एका कडेला वह्या तपासत बसलेली. आमच्या एक ज्येष्ठ बाई होत्या, जिभेला धार असलेल्या. पोळीचा तुकडा मोडता मोडता त्या म्हणाल्या, “रोजा वाटतं? छान. वडील जगाला पाजतात, मुलगी तहानलेली.”

कुणीतरी हसलं. आणि मीही हसले. नुसतं ओठ हलवून नव्हे, चांगलं मोकळं हसले, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल बोलत होत्या. पुढच्या तासाला मुलं मोठ्याने कविता म्हणत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, कारण माझे कान अजून गरम होते.

रमजान संपायच्या आत माऊली आला. दुपार होती. अम्मीने ते पातेलं काढून त्याच्यापुरता चहा ठेवला. तो सतरंजीवर बसला आणि मला त्याच्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की त्याचा गळा रिकामा होता. अब्बांनीही ते पाहिलं.

माल कुठे गेला ते टेम्पोवाल्याकडून त्यालाही कळलं होतं. अब्बा म्हणाले, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.

“इचारलं असतं तर म्या काय म्हनलो असतो?” तो म्हणाला. “घाला म्हनलो असतो. माल सडत व्हता.” मग थोडं थांबून, “माळ उतरून देव्हाऱ्यात ठिवलीया. गळ्यात घालायची लाज वाटती.”

“विकला मी, माऊली. तुम्ही नाही. तुम्ही माळ घाला.”

“येल माझीच हाय न्हवं, भाई.”

 चहावर साय धरली. दोघांपैकी कुणीही आयुष्यात ती चीज चाखलेली नव्हती, आणि दोघेही तिची लाज एकमेकांच्या अंगावरून काढून स्वतःकडे ओढू बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतके दिवस मला शरम वाटत होती ती शिक्षकांच्या खोलीतल्या माझ्या जागेपायी. अब्बांचं काय होतंय ते मी पाहत होते, पण ते माझं दुःख नव्हतं. त्या दारात मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

निघताना माऊलीने सांगितलं की कारखान्याची माणसं बागेत येऊन गेली. वाइनच्या जातीची रोपं लावा, माल आम्ही उचलू म्हणतात. पोरगा तयार आहे. तुम्ही काय म्हणता, असं त्याने अब्बांना विचारलं नाही, पण तो उंबऱ्यात थांबून राहिला. अब्बा म्हणाले, पुढच्या वर्षी माझ्याकडून बाग व्हायची नाही. तो बरं म्हणाला आणि स्वारगेटच्या बसला गेला.

अब्बांनी नंतर द्राक्षाला हात लावला नाही. संत्री, चिकू, पपई, कलिंगड यांवर गाळा चालवला. हंगाम अर्थातच पूर्वीसारखा भरला नाही. दुसऱ्या रमजानला त्यांनी मशिदीत कलिंगडं पाठवली, ती ठेवून घेतली गेली. जुने दोस्त ईदला आले, बसले, शीरखुर्मा प्यायले. वरवर सगळं मिटलं. पण अब्बा घरातून उशिरा निघत राहिले, अगदी गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. माऊलीच्या पोराने जुनी बाग काढून वाइनची लावली, आणि म्हातारा त्या बाजूला फिरकत नाही, असं मंडईत कुणाकडून तरी ऐकलं. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी शाळेतल्या तरुण शिक्षिकांनी सहल काढली, एका द्राक्षबागेत आणि तिथल्या वायनरीत. आता त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. लोक मुलंबाळं घेऊन जातात, फोटो काढतात. मीही गेले. टाक्यांपाशी माहिती सांगणारी मुलगी उत्साहाने बोलत होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेने हळूच विचारलं, “मॅडम, तुम्ही असलं कधी पाहिलं नसेल ना?”

मी म्हटलं, पाहिलंय, फार पूर्वी, वडिलांबरोबर.

तिला नवल वाटलं. “ते या क्षेत्रात होते का?”

सांगायला काही हरकत नव्हती. ऐकून ती नाक मुरडणारी नव्हती, उलट तिला अब्बा आवडले असते. मी तोंड उघडलं, आणि “नाही, फळांचा साधा धंदा होता,” एवढंच म्हणाले. मग माझा चष्मा पुसत मी बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.